टोपलीतले रविवार

मी एक जुनी हार्ड डिस्क बोलतेय. ऐकणारं कुणी नाही हे मला माहीत आहे, तारा काढलेल्या डिस्कचा आवाज कुणाला येत नाही. तरी बोलते. समोर टेबलावर एक ड्रिल चार्जिंगला लावलंय आणि त्याचा दिवा अजून लाल आहे. तो हिरवा झाला की माझ्या पोटातून आरपार भोक पाडायचं ठरलंय. बॅटरी वर्षानुवर्षं बसलेली, त्यामुळे तासभर तरी मिळेल असं वाटतं. माझी गोष्ट सांगायला तेवढा वेळ पुष्कळ झाला.

दिसायला मी काही खास नाही. तळहाताएवढी, वजनाला मात्र दणकट. पोटात दोन गुळगुळीत तबकड्या आणि त्यांच्यावरून फिरणारी एक बारीक सुई. तबकड्या मिनिटाला सात हजारांवर गिरक्या घेतात आणि सुई त्यांच्यावर तरंगत राहते. लिहायचं, वाचायचं, पण टेकायचं नाही. टेकली की आमचा कारभार आटोपला. माझा जन्म झाला त्या कारखान्यात धुळीचा कण नव्हता, माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून काम करायची. पुढचं सगळं आयुष्य मात्र मी धुळीतच काढलं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मला या घरात आणलं बाबांनी. घरात त्यांना बाबा म्हणत म्हणून मीही बाबाच म्हणते. ते एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते. बाटल्या धुवायच्या, बर्नर साफ करायचे, मुलांनी बिघडवलेली उपकरणं जुळवायची. घरातली कुठलीही वस्तू दुरुस्तीला बाहेर गेली तर त्यांना तो स्वतःचा अपमान वाटे. कॉम्प्युटरसुद्धा त्यांनी सुटे भाग आणून स्वतःच जोडला. मला बसवायला चार स्क्रू लागतात. त्यातला एक त्यांच्या हातून निसटला तो कायमचाच. टेबलाखाली ओणवे होऊन दमल्यावर ते म्हणाले, “तीन पुरेत. तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगतं का?”

“तुमचा एक ढिला आहेच,” बाई म्हणाल्या, “आता हिचाही एक कमी.”

बाई म्हणजे त्यांची बायको. कामं घेऊन येणारी माणसं त्यांना टायपिंगच्या बाई म्हणत. घरात बसून त्या लोकांचे प्रबंध, अहवाल, आत्मचरित्रं टाइप करून देत. हात जुन्या टाइपरायटरवर तयार झालेला, त्यामुळे कळा अशा हाणायच्या की टेबलावरची टाचणीसुद्धा उडायची. हस्तलिखिताच्या ओळीखाली लाकडी पट्टी ठेवायची, ओळ संपली की पट्टी खाली सरकवायची. पान झालं की मोठ्यानं वाचून ताडून बघायचं, तेही विरामचिन्हांसकट. “सदर निरीक्षणावरून स्वल्पविराम असे दिसते की,” असं चाललेलं असे. बाबा आतून ओरडत, “स्वल्पविरामाला जरा थांबत जा गं, ऐकतानाच दम लागतो!”

बाईंचा एक नियम होता, लोकांचं लिखाण म्हणजे लोकांची अब्रू. काम हातात दिलं की त्याची स्कॅन केलेली पानं, कच्च्या प्रती, सगळं पडद्याच्या कोपऱ्यातल्या केराच्या टोपलीत टाकायचं. टोपली रिकामी करायचं मात्र त्यांच्या मनात येत नसे, कारण घरातलंही काही त्या लगेच फेकत नसत. हा नियम लक्षात ठेवा, आत्ता टेबलावर जे ड्रिल आहे ते त्याच्याच पायी आहे.

आणि होती त्यांची एकुलती एक लेक. एका जागी पाच मिनिटं टिकायची नाही म्हणून बाबा तिला भिंगरी म्हणत. मीही पडले गिरक्या घेणारी, त्यामुळे या नावावर माझा पहिल्यापासून जीव. मी घरात आले तेव्हा ती दूरच्या शहरात वसतिगृहात राहून शिकत होती. दर रविवारी सकाळी अकराला तिचा फोन यायचा. बाबा आधी बोलायचे, मग बाई आणि शेवटी पुन्हा बाबा, कारण त्यांचं काहीतरी राहून गेलेलं असायचं.

मला दोन वर्षं झाली असतील नसतील, बाबा आजारी पडले. पोटात दुखतंय म्हणून गेले आणि डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितले. भिंगरीची शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती, शेवटचा पेपर वीसेक दिवसांनी होता.

“परीक्षा होईपर्यंत तिला एक अक्षर कळवायचं नाही,” बाबा म्हणाले. “माझी शपथ आहे.”

“अहो पण...”

“अहो पण काही नाही. दोन महिने आहेत हातात. पेपर देऊन येईल आणि बसेल माझ्याजवळ हवी तेवढी.”

त्यांची खाट याच खोलीत आणली. बाईंनी हातातलं काम परत करायचं ठरवलं, तर बाबांनी तेही करू दिलं नाही. म्हणाले, “तू टाइप करत राहा. टकटक ऐकू आली की घर चालू आहे असं वाटतं.” म्हणून बाई टाइप करत राहिल्या. कुणा अनोळखी माणसाचा चारशे पानांचा प्रबंध होता, मातीतल्या क्षारांवर. पट्टी सरकवायची, खाटेकडे बघायचं, पुन्हा पट्टी सरकवायची. रविवारी फोन आला की बाबा आवाजात उसनं बळ आणून चेष्टामस्करी करायचे आणि फोन ठेवल्यावर घामाघूम व्हायचे.

दोन महिने कसले, अठरा दिवस मिळाले. बुधवार होता. सकाळी नऊच्या सुमाराला बाबा स्वतःच म्हणाले, “आता बोलाव तिला. निदान आवाज तरी ऐकू दे.”

बाईंनी फोन लावला. बंद होता. अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून परीक्षा संपेपर्यंत रविवारशिवाय फोन चालूच करणार नाही, असं भिंगरीनं आधी सांगून ठेवलं होतं. बाईंनी अकराला पुन्हा लावला, तेव्हाही बंद. एकला तिसऱ्यांदा लावला. फोन कानाशीच होता आणि बाबांनी डोळे न उघडता विचारलं, “लागला?”

“हो,” बाई म्हणाल्या. “निघालीय ती.”

बाबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. “बघ, म्हटलं नव्हतं? भिंगरीच ती.” अडीच वाजता ते गेले, लेक वाटेत आहे असं समजून.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरचं काही मैत्रिणीला विचारायचं म्हणून भिंगरीनं संध्याकाळी फोन चालू केला तेव्हा तिला कळलं. बंद असताना कुणी लावला होता, ते त्यावर दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी होती. त्याच दिवशी तिचा शेवटचा पेपर होता, तो बुडाला. ज्या परीक्षेसाठी एवढं लपवलं ती परीक्षाही झाली नाही आणि बाबाही भेटले नाहीत.

“मला कळवलं का नाहीस?” तिनं विचारलं.

मी याच टेबलावर होते. खरं सांगायचं तर बाईंना दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या. एक, तुझ्या बाबांनी शपथ घातली होती. म्हणजे गेलेल्या माणसावर ढकलल्यासारखं झालं असतं. दुसरी, शेवटच्या दिवशी त्यांनी तुला बोलावलं आणि तुझा फोन बंद होता. ती ऐकून बावीस वर्षांची पोर जन्मभर त्या बंद फोनला धरून बसली असती. बाईंनी दोन्ही गिळल्या.

“सुचलंच नाही गं मला,” त्या म्हणाल्या.

भिंगरीची नजर टेबलावर गेली. प्रबंधाचा पूर्ण झालेला गठ्ठा तिथं नीट रचून ठेवलेला होता. “प्रबंध मात्र वेळेवर झाला तुझा,” ती म्हणाली.

सहा महिन्यांनी तिनं तो पेपर दिला, पास झाली आणि त्याच शहरात एका हॉस्पिटलच्या नोंदी विभागात कामाला लागली. रविवारचा फोन तिनं चुकवला नाही हे खरं, पण त्या फोनमधला जीव गेला होता. औषध घेतलंस का? घेतलं. तिकडं गरम होतंय का? होतंय. ठेवू का मग? ठेव. चार मिनिटं, फार तर पाच. दर पाच-सहा महिन्यांनी कधीतरी, बोलता बोलता मध्येच, ती विचारायची, “आई, खरंच सुचलं नव्हतं तुला?” आणि बाई म्हणायच्या, “नाही गं.”

पहिल्याच अशा रविवारी फोन ठेवल्यावर बाई माझ्यासमोर बसल्या. कोरं पान उघडलं. पट्टी नाही, हस्तलिखित नाही, समोर नुसती भिंत. आणि टाइप करायला लागल्या. त्या दिवशी कळांचा आवाज वेगळा होता, हळू, चाचपडत. लिहून झाल्यावर सवयीनं मोठ्यानं वाचलं. “भिंगरी स्वल्पविराम तुला मी तीन वेळा फोन लावला होता पूर्णविराम. तुझा फोन बंद होता पूर्णविराम. यात तुझी काही चूक नाही पूर्णविराम.” पुढं वाचवेना. त्यांनी फाइलला त्या दिवसाची तारीख दिली आणि केराच्या टोपलीत टाकली.

आता हे नीट समजून घ्या. बाईंना ते फेकायचं नव्हतं, लपवायचं होतं. कामं देणारे लोक शेजारी खुर्ची ओढून बसायचे, पडद्यावरचं सगळं त्यांना दिसायचं. भिंगरी घरी आली की तीही हाच कॉम्प्युटर वापरायची. मग कुणाची नजर जाणार नाही अशी जागा कुठली? बाईंना वाटलं, केरात कोण डोकावतंय? लोकांच्या रद्दी पानांच्या ढिगाखाली त्यांनी स्वतःचा रविवार सरकवून दिला.

त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. फोन व्हायचा आणि फोनवर जे राहिलं ते मला मिळायचं. नऊ वर्षं, चारशेच्या वर रविवार. मी पुष्कळ जाडजूड प्रबंध पोटात बाळगले, त्यांतलं एक वाक्य मला आज आठवत नाही. रविवार मात्र मला पाठ आहेत.

“आज तू म्हणालीस वजन कमी झालंय. मी म्हटलं खात जा वेळेवर. मला म्हणायचं होतं की ये इकडं.”

“आज तू दोनदा खोकलीस. मी विचारलं नाही. विचारलं की तू चिडतेस.”

“बाबांचा चष्मा अजून खाटेच्या कप्प्यात आहे. पुसून ठेवते. तू आलीस की लपवते, तुला वाटेल, तेव्हा फोन सुचला नाही आणि आता चष्मा पुसायचं सुचतंय.”

“त्यांना मी सांगितलं की तू निघालीस. तुला सांगितलं की मला सुचलं नाही. दोघांशी एकेकदा खोटं बोलले आणि दोन्ही वेळा तुम्ही माझ्यावर लगेच विश्वास ठेवलात.”

वर्षातून एकदा, बाबा गेले त्या तारखेला, बाई यातल्या काही फाइली टोपलीतून बाहेर काढायच्या, वाचायच्या आणि पुन्हा होत्या तिथं टाकायच्या. एकदा पत्रासारखा मायना घालून छापायलाही घेतलं होतं. प्रिंटरमध्ये कागद घातला, माझ्याकडे हुकूम आला, मी पान काढून दिलं. छापून झाल्यावर बाईंनी तो कागद बारीक बारीक फाडला आणि तुकडे पाण्यात भिजवले.

एव्हाना मी म्हातारी झाले होते. सकाळी बटण दाबलं की मला उठून कामाला लागायला सहा-सात मिनिटं लागत. बाई बटण दाबून सरळ स्वयंपाकघरात जायच्या आणि मी जागी होईपर्यंत त्यांचा चहा झालेला असायचा. कधी जास्त वेळ लागला तर कॉम्प्युटरच्या डब्यावर थाप मारून म्हणायच्या, “दमलीस का गं बाई?” मला ती थाप आवडायची. आपलं वय कुणी ओळखतंय आणि हाकलत मात्र नाही, यापरतं सुख म्हातारपणी दुसरं नसावं.

भिंगरीला मात्र माझी घरघर सहन होईना. बाईंना साठ पूर्ण झाली तेव्हा ती दोन दिवसांची रजा काढून आली आणि येताना आईसाठी भेट आणली. नवीकोरी एसएसडी, म्हणजे नव्या पिढीची डिस्क. बिस्किटाएवढी जाड, पिसाएवढी हलकी, आत फिरणारं काही नाही, आवाज नाही, तक्रार नाही. “आई, आता तुझा कॉम्प्युटर पळेल बघ,” भिंगरी म्हणाली. तिचा आवाज बऱ्याच वर्षांनी असा मोकळा झालेला मी ऐकला. बाईसुद्धा हसल्या. मला त्या बिस्किटाचा राग यायला हवा होता, पण त्या दोघींना असं हसताना बघून आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बांधून झालेला प्रबंध आणायला बाइंडरकडे गेल्या. आई यायच्या आत करून टाकू म्हणून भिंगरी लगेच बसली. तिनं नवी डिस्क तारेनं बाहेरून जोडली आणि माझ्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम, सगळ्या सेटिंग, सगळ्या फाइली जशाच्या तशा तिच्यावर उतरवायचा प्रोग्राम चालू केला. क्लोन करणं म्हणतात त्याला. म्हणजे मी सांगायचं आणि तिनं लिहून घ्यायचं. प्रोग्रामनं आधी माझ्या पोटातलं मोजलं आणि पडद्यावर सूचना आली, नव्या डिस्कमध्ये एवढी जागा नाही.

“असं काय साठवलंयस एवढं?” भिंगरी पुटपुटली आणि शोधायला लागली. सापडायला वेळ लागला नाही. केराची टोपली उघडली तर अकरा वर्षांचे ढीग. लोकांची स्कॅन केलेली पानं, मातीचे नकाशे, कुणाकुणाचे आलेख, फोटो. “आई गं, केरसुद्धा साठवून ठेवतेस तू!” ती एकटीच हसली. खाली खाली जात राहिली. ढिगाच्या तळाशी नुसत्या तारखांच्या फाइली लागल्या. एकाखाली एक, एकाखाली एक. तिचा हात थांबला.

माझ्या तबकड्या फिरत होत्या, सुई तिथंच घुटमळत होती. भिंगरी, जरा कॅलेंडर बघ. या सगळ्या रविवारच्या तारखा आहेत गं. तू ज्या ज्या दिवशी फोन केलास त्या. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. मी फक्त घरघरले आणि ती माझी नेहमीचीच घरघर होती.

“कामाच्या नोंदी असतील,” ती म्हणाली आणि टोपली रिकामी करा, यावर क्लिक केलं. कायमचं पुसायचं का, असं पडद्यानं तिला रीतसर विचारलं. तिनं हो म्हटलं. आईला एक फोन करून विचारावं असं तिच्या मनात आलं नाही, यात तिचा काय दोष? केर टाकू का, असं कुणी कुणाला फोन करून विचारतं का?

पुसणं म्हणजे काय ते सांगते, कारण माणसांना ते माहीत नसतं. काय कुठं ठेवलंय याची माझ्याकडे एक यादी असते. पुसा म्हटलं की मी यादीतलं नाव खोडते आणि ती जागा रिकामी म्हणून नोंदवते, बस. मजकूर जागच्या जागीच असतो, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर. नंतर मी त्या नव्या डिस्कला सगळं सांगितलं. सिस्टीम सांगितली, प्रबंध सांगितले, प्रिंटरची सेटिंग सांगितली, बाईंनी मोठी करून ठेवलेली अक्षरंही सांगितली. पण रिकामी म्हणून नोंदलेली जागा सांगायची नसते, असा नियम आहे. चारशे रविवार माझ्यापाशीच राहिले.

मग भिंगरीनं डबा उघडला आणि मला काढायला घेतलं. एक, दोन, तीन. चौथ्या स्क्रूचं भोक रिकामं बघून ती थबकली. “बाबांचं काम,” ती म्हणाली आणि माझ्यावरची धूळ तिनं ओढणीच्या टोकानं पुसली.

बाई परत आल्या. भिंगरीनं त्यांना खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि बटण दाबलं. पंधरा सेकंदांत पडदा तयार.

“अगंबाई! आता चहा कधी करायचा मी?” बाई म्हणाल्या. दोघी हसल्या. हसता हसता बाईंची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. टोपली रिकामी होती. मी शेजारीच टेबलावर पडले होते, मला त्यांचा चेहरा पूर्ण दिसत होता. हसू तसंच ओठांवर राहिलं आणि बाकीचा चेहरा त्याच्याखालून निघून गेला.

“टोपली तूच रिकामी केलीस का?”

“हो, जागाच पुरत नव्हती. केवढा कचरा होता! का गं? त्यातलं काही हवं होतं का?”

आत्ता सांगा, मी मनात म्हटलं. बाई, आत्ता सांगा. बाईंनी भिंगरीकडे बघितलं. आईसाठी काहीतरी छान केल्याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता.

“छे गं,” बाई म्हणाल्या. “कचराच तो. बरं केलंस.”

मला त्यांनी याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्या आतून मला कळांचा आवाज यायचा. पुढच्या रविवारी फोन झाला, खुर्ची सरकली, बटण दाबलं गेलं. मी कान लावून होते. एकही कळ वाजली नाही. थोड्या वेळानं खुर्ची पुन्हा सरकली. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच झालं. तिसऱ्या रविवारी त्या बसल्यासुद्धा नाहीत. नवी डिस्क त्यांना पंधरा सेकंदांत उठून तयार मिळत होती, पण बाईंना तिच्याशी काही बोलायचं नव्हतं.

काही महिन्यांनी प्रिंटर बिघडला म्हणून दुरुस्तीवाला आला. काम झाल्यावर बाईंनी ड्रॉवर उघडून मला बाहेर काढलं आणि सहज विचारतोय असं दाखवत विचारलं, “काय हो, यातलं पुसलेलं परत मिळत असेल का?”

“यानंतर हिच्यावर काही लिहिलं नाही ना? मग नव्वद टक्के मिळेल,” तो म्हणाला. “द्या, बघतो. आणि बाई, कधी टाकायची झालीच तर अशीच टाकू नका हं. कुणीही उघडून वाचेल.”

बाईंनी मला दिलं नाही. तो गेल्यावर त्या मला मांडीवर घेऊन बसल्या. मला वाटलं, आता विचार पक्का होतोय, उद्या त्याला बोलावतील, सगळे रविवार बाहेर निघतील. मग त्या उठल्या, एक चिठ्ठी लिहिली आणि माझ्या पाठीवर चिकटपट्टीनं घट्ट चिकटवली. “ही डिस्क उघडू नये. यात लोकांची कामं आहेत. टाकताना भोक पाडून टाकावी.” खाली तारीख घातली.

त्यांना स्वतःला मात्र ते जमलं नाही. बाबांचं ड्रिल कपाटात होतं, दुरुस्तीवाल्यालाही सांगता आलं असतं. दोन वर्षं मी ड्रॉवरमध्येच होते. रविवारी कधी कधी ड्रॉवर उघडायचा, त्यांचा हात माझ्यावर पडून राहायचा आणि ड्रॉवर बंद व्हायचा.

मागच्या महिन्यात बाई गेल्या. बसल्या बसल्या गेल्या, कुणाला बोलवायला सवडच मिळाली नाही.

भिंगरी आठवडाभर घर आवरतेय. पट्टी तिनं स्वतःच्या पिशवीत टाकली. चष्मा सापडला तेव्हा तो हातात धरून ती खूप रडली. कॉम्प्युटरवर तिनं एक अख्खी दुपार घालवली, एकेक फोल्डर उघडून बघितलं. काय शोधत होती ते मला कळत होतं. लोकांच्या प्रबंधांशिवाय तिला काही मिळालं नाही.

आज सकाळी तिनं हा ड्रॉवर उघडला. चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली. मग बाबांचं ड्रिल शोधून चार्जिंगला लावलं. तिच्या हॉस्पिटलात रुग्णांचे जुने कागद कुणी वाचू नयेत म्हणून नष्ट करतात, त्यामुळे आईचं म्हणणं तिला लगेच पटलं. मला समोर ठेवून ती बसलीय आणि मघाशी माझ्याकडे बघूनच बोलली. “लोकांच्या कामांची केवढी काळजी गं आई तुला. दोन वर्षं आधी चिठ्ठी लिहून ठेवायचं सुचलं. आणि मला एक फोन करायचं तेवढं सुचलं नाही.”

तासभर मी हेच ठरवतेय की मी काय मागू. मला एक तार जोड, एवढं मागावं? एका दुरुस्तीवाल्याची एक सकाळ, आणि तुझी आई तुला परत मिळेल. पण तिच्याबरोबर तो बंद फोनही मिळेल, आणि तो तुला मिळू नये म्हणून तर ती अकरा वर्षं गुन्हेगारासारखी तुझ्यासमोर बसली. तिचं अक्षर माझ्या पाठीवर आहे. मी तिची डिस्क आहे. तिनं जे पोटात घातलं ते पोटात ठेवूनच मला जायला हवं, आणि तरी माझा जीव तुटतोय.

बाकीच्यांना एवढंच सांगते, घरातलं काही टाकायच्या आधी घरातल्या माणसाला एकदा विचारत जा. आणि तो कचराच म्हणाला, तर त्याच्या तोंडाकडे बघून पुन्हा एकदा विचारा.

दिवा हिरवा झालाय. भिंगरीनं मला उलटं करून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवलंय आणि तीन स्क्रूंच्या खुणांवरून बोट फिरवलंय. ड्रिल उचललंय. टोक थंड आहे. तुला ऐकू येणार नाही, तरी सांगते, भिंगरी. तुझ्या आईला सुचलं होतं. नऊ वाजता सुचलं होतं, अकराला सुचलं होतं आणि एकलाही सुचलं होतं.